आलेल्यांचे गाव

प्रत्येक गावाला मिरवण्यासारखे काहीतरी असते. पुणेकराला पर्वती असते, कोल्हापूरकराला अंबाबाई आणि रंकाळा असतो, नाशिककराला गोदावरी असते, नागपूरकराला संत्री असतात. मुंबईकराला तर काही मिरवावे लागतच नाही. सारा देश त्याच्या वतीने ते काम करीत असतो. चार गावांची चार माणसे आगगाडीच्या डब्यात एकत्र आली आणि गप्पा रंगल्या, की जो तो आपापल्या गावाचे गाठोडे सोडू लागतो. अशा वेळी सोलापूरचा माणूस काय करतो, हे आपण कधी पाहिले आहे काय? तो पिशवीतून शेंगाच्या चटणीची पुडी काढतो, कडक भाकरीचे तुकडे मोडतो आणि म्हणतो, "घ्या हो, खाऊन तर बघा." गावाविषयी तो फारसे बोलत नाही. कुणी खोदून विचारलेच तर सांगतो, "ऊन लई हाय आमच्याकडं."

मी सोलापूरचा. ऊन आमच्याकडे खरोखरच फार आहे. मे महिन्यात पारा 43 अंशांवर गेला, तरी आम्ही कपाळाचा घाम पुसून 'गेल्या वर्षीपेक्षा बरे आहे' असे एकमेकांना सांगतो. डोंगर म्हणून नाव घ्यावे असे आसपास काही नाही. सीना आहे, भीमा आहे. पण दोघीही गावाला लांबूनच नमस्कार करून पुढे जातात. पाऊस इतका बेताचा, की 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध वर्गात घालताना मला मुलांपुढे संकोच वाटतो. आणि नळाचे पाणी! भीमेवर उजनीचे धरण झाले, शंभराहून अधिक किलोमीटरांवरून नळ घालून ते पाणी गावापर्यंत आणले. तरीही कित्येक वर्षे आमच्या नळांनी चार-चार, पाच-पाच दिवसांनीच तोंड उघडले. दुसऱ्या गावांत माणसे भेटली की 'कसे काय?' म्हणतात. आम्ही 'पाणी आलं का?' म्हणत आलो.

असे हे गाव मला मनापासून आवडते. चार दिवस बाहेरगावी राहिलो की जीव कासावीस होतो. परतताना गाडीने बाळे स्टेशन मागे टाकले, की उगाचच सामानाची आवराआवर करू लागतो.

प्रेमाला कारण लागत नाही, असे म्हणून कवी मोकळे होतात. शाळामास्तराला तसे मोकळे होता येत नाही. ज्याने आयुष्यभर मुलांना 'उत्तर सकारण लिहा' असे सांगितले, त्याला कुणी कारण विचारले तर त्याने कुठे तोंड लपवावे? आणि माझ्यावर ही वेळ आणली ती दुसऱ्या कुणी नव्हे, माझ्या मुलीनेच.

ती यंदा बारावी झाली. पुण्याच्या एका महाविद्यालयात तिचे नाव लागले. घरात आनंद झाला, पेढे वाटले, आणि त्या रात्रीपासून मी जरा गप्प गप्प राहू लागलो. ते तिच्या लक्षात आले असावे. एका संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडता शिंपडता ती म्हणाली, "बाबा, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली पुण्याला निघाल्यात. बाकीच्या मुंबई नाहीतर हैदराबाद म्हणतायत. तुम्हांला हे गाव एवढं का आवडतं? सकारण सांगा."

मी म्हटले, "सांगतो." आणि चार दिवस सांगितलेच नाही. उत्तर शोधत होतो.

पहिल्यांदा मनात आले ते अर्थातच आमचे तळे आणि त्या तळ्याच्या मधोमध बसलेले सिद्धेश्वराचे देऊळ. बाराव्या शतकात या गावाला सोन्नलगी म्हणत. तिथे सिद्धरामेश्वर झाले. बसवेश्वरांच्या काळातले हे शरण. त्यांनी कानडीत वचने लिहिली, ती आजही म्हटली जातात. पण मला त्यांची थोरवी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. या योग्याने लोकांना बरोबर घेतले आणि तळे खोदले. तहानेने कोरडे पडणाऱ्या मुलखात देव शोधायचा तर तो पाण्यातच शोधावा लागेल, हे त्यांनी ओळखले होते. संक्रांतीला त्यांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे उंच, जड नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतात आणि गावभर पसरलेल्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालायला निघतात. असे सात ध्वज. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ लग्न लागते. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशीच लग्न करीन असा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचे लग्न लावून दिले, अशी कथा आहे. त्या लग्नाच्या अक्षता टाकायला सारे गाव लोटते. मंत्र कानडीत, वऱ्हाडी साऱ्या भाषांतले, आणि अक्षता पडल्यावर जो तो आपल्याच घरचे कार्य पार पडल्यासारखा सुटकेचा श्वास टाकतो.

मग आठवले 1930 साल. गांधीजींना अटक झाल्याची बातमी त्या वर्षीच्या मे महिन्यात आली आणि गाव उसळून उठले. 8 मे रोजी गोळीबार झाला. मग सरकारी अंमल गावातून जवळजवळ उठलाच, आणि मधले काही दिवस सोलापूरने आपला कारभार आपणच पाहिला. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनच्या अखेरपर्यंत होता. त्या काळात खादीची टोपी घालून रस्त्यावर येणे हेही धाडसाचे काम होते. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. ही चार नावे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. इतिहास सांगायच्या आधी नुसती नावे वाचली, तरी हे गाव कुणाकुणाचे आहे ते कळते.

माझे उत्तर एवढ्यावर पुरे झाले असते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, हे सारे खरे असले तरी ते गावाच्या मोठेपणाचे पुरावे झाले. मोठेपणाबद्दल आदर वाटतो. देवळे तर सगळ्याच गावांना आहेत, हुतात्मेही पुष्कळ गावांनी दिले. आपल्या आईवर आपले प्रेम असते, ते ती फार कर्तबगार आहे म्हणून असते काय? मुलगी हुशार आहे. ती नेमका हाच प्रश्न विचारील.

म्हणून मी उत्तर दुसरीकडे शोधू लागलो, आणि शोधता शोधता आमच्या स्वतःच्या उंबऱ्याशी येऊन पोहोचलो.

माझे वडील सोलापूरचे नव्हते. ते 1972 च्या दुष्काळात करमाळ्याकडच्या एका खेड्यातून आले. विहीर आटली, बैल विकले, शेवटी घरचे दार ओढून घेतले आणि एक वळकटी घेऊन ते निघाले. पहिल्या चार रात्री सिद्धेश्वराच्या ओवरीत काढल्या असे ते सांगत. पाचव्या दिवशी ओवरीतच भेटलेल्या एका कानडी गृहस्थाने त्यांना गिरणीच्या दरवाजापाशी नेऊन उभे केले. पुष्कळ दिवस बदलीवर काम मिळाले, पुढे कायम झाले. त्या गृहस्थाचे नाव वडिलांना शेवटपर्यंत माहीत नव्हते. ते त्याला 'यजमान' म्हणत, कारण लोक तसेच म्हणत होते.

आता गंमत अशी, की तो यजमानही मूळचा इथला नसणार. सोलापूरची पहिली कापडगिरणी 1870 च्या दशकात निघाली, आणि त्याच दशकात, 1876-77 साली, दख्खनमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला. एकीकडे शेते जळत होती आणि दुसरीकडे गिरणीला माणसे हवी होती. भोवतालच्या खेड्यांतून मराठी शेतकरी आला, अक्कलकोट-विजापूरकडून कानडी माणूस आला, निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर आपले हातमाग घेऊन आले. दखनी बोलणारा मोमीन विणकर होताच, गुजराती-मारवाडी व्यापारीही आले. पूर्व भागात आजही तेलुगू पाट्या दिसतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा आपण महाराष्ट्रात आहोत की आंध्रात, असा बाहेरच्याला भ्रम पडतो. मुळचा सोलापूरकर म्हणून कुणी दाखवा म्हटले, तर फार शोधावे लागेल. हे आलेल्यांचे गाव आहे. कुणी शंभर वर्षांपूर्वी आला, कुणी पन्नास. पण बहुतेक जण आले ते पोटासाठी, आणि हातात काही नसताना आले.

आलेल्या माणसांची एकमेकांशी भाषा जुळत नव्हती. मग त्यांनी काय केले? प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेतले एक वाक्य आधी शिकून घेतले. ते वाक्य म्हणजे 'जेवलास का?' कानडीत 'ऊटा आय्ता?', तेलुगूत 'तिन्नावा?', दखनीत 'खाना खाए क्या?' आमच्या चाळीतल्या लहानसहान पोरालाही ही चार वाक्ये येत. बाकीचे व्याकरण सवडीने येई. पुष्कळांना ते कधीच आले नाही. आमची सोलापुरी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. 'काय करायलास बे?' असे आम्ही म्हणतो, त्यात त्यांना अशिष्टपणा वाटतो. मी त्यांना सांगतो, की आमचा 'बे' तुमच्या 'अहो'पेक्षा कमी मायाळू नाही. फक्त त्याला उन्हाचा जरा चटका लागला आहे.

माझ्या वर्गात आज चाळीस मुले आहेत. शाळा मराठी, पुस्तके मराठी, मास्तर मराठी. पण बेरीज करताना मुलांचे ओठ हलतात ते नीट पाहावेत. कुणी 'ओंदु, एरडु, मूरु' मोजतो, कुणी 'ओकटि, रेंडु, मूडु', कुणी 'एक, दो, तीन'. उत्तर सगळ्यांचे एकच येते. नवा मास्तर असताना हे मला पहिल्यांदा दिसले, तेव्हा मी क्षणभर खडू हातात धरून नुसता उभा राहिलो होतो.

पण मुख्य गोष्ट अजून सांगायचीच आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस गावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. वडिलांची गिरणीही बंद पडली. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात, म्हणजे दहावीत होतो. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात घड्याळ नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. भोंगा झाला की आई उठे, भोंगा झाला की वडील डबा घेऊन निघत, भोंगा झाला की मी अभ्यास मिटून पोरांत खेळायला जाई. तो थांबला. पहिले काही दिवस वडील भोंग्याच्या वेळेला आपोआप जागे होत आणि अंधारात नुसते बसून राहत. काही महिन्यांनी घरातली भांडी बाजारात गेली. देणी मिळतील, आज मिळतील, उद्या मिळतील, अशी वाट पाहण्यात दोन पावसाळे गेले.

आमच्या शेजारच्या खोलीत एक तेलुगू बाई राहत. त्यांना सारी चाळ अक्का म्हणे. अक्का हा शब्द मोठा सोयीचा आहे. मराठी, कानडी, तेलुगू या तिन्ही भाषांत तो थोरल्या बहिणीलाच लागू पडतो, तेव्हा त्याचे भाषांतर करावे लागत नाही. अक्का विड्या वळत. एका दुपारी त्या आपले सूप, कात्री आणि तेंदूच्या पानांची गड्डी घेऊन आमच्या दारात येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, "बस." आईला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आईची जेमतेम येई. त्यांनी पान ओले कसे करायचे, पत्र्याच्या मापाने कसे कापायचे, तंबाखू किती घालायचा, वळून दोरा कसा गुंडाळायचा, हे हातांनी दाखवले. आईची पहिल्या दिवसाची विडी मुळीच धड नव्हती. अक्कांनी ती उलगडली, पुन्हा वळली आणि आपल्या ढिगात टाकली. आईचा हात बसेपर्यंतचे तीन आठवडे आईच्या वाईट विड्या अक्कांच्या चांगल्या विड्यांत मिसळून कारखान्यात जात होत्या, आणि त्यांचे पैसे अक्का मोजून आईच्या हातात ठेवत होत्या. कारखान्यात वाईट विड्या बाजूला काढून टाकतात आणि त्या वळणारीच्या मजुरीतून जातात, हे आईला फार उशिरा कळले. तिने एकदा तो विषय काढला, तेव्हा अक्कांनी एवढेच विचारले, "पोरं तिन्नारा?" म्हणजे, पोरे जेवली का?

आम्ही जेवत होतो. त्याच विड्यांवर जेवत होतो. माझे पुढचे शिक्षण लांबले. पण परीक्षेची फी गेली, मॅट्रिकचे प्रमाणपत्र हाती आले, मी शिकवण्या करू लागलो, पुढे शाळेत लागलो. या विडी वळणाऱ्या बायांची संख्या गावात हजारोंनी आहे. सकाळी डोक्यावर विड्यांची टोपली घेऊन त्या कारखान्याकडे निघतात, तेव्हा रस्ता भरून जातो. त्यांच्यातल्याच बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि 2006 मध्ये कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घराच्या कागदावर स्वतःचे नाव पाहताना एखादी आजी अंगठ्याची शाई पदराला पुसते आहे, असे चित्र मी मनात पुष्कळदा पाहिले आहे. दुसऱ्याच्या गावात येऊन आयुष्यभर भाड्याच्या खोलीत पाने कातरलेल्या बाईचे ते स्वतःचे घर.

माझ्या उत्तराचे धागे इथे जुळले. मला हे गाव आवडते ते त्याने मला काही दाखवले म्हणून नाही. आम्ही परके होतो आणि या गावाने आमचे परकेपण मोजले नाही. गावाने म्हणजे कुणी? महानगरपालिकेने नव्हे, धनिकांनी नव्हे. कालपरवाच आलेल्या आणि आमच्याइतक्याच फाटक्या माणसांनी. पाणी आले की रात्री दोन वाजता आधी शेजाऱ्याचे दार ठोठावायचे आणि मग आपली कळशी लावायची, हा आमच्या चाळीचा शिरस्ता होता. तो कुणी घालून दिला हे कुणालाच सांगता येणार नाही. ज्याला तहान म्हणजे काय ते ठाऊक असते, त्याला हा शिरस्ता शिकवावा लागत नाही.

उत्तर सापडले खरे, पण त्याने माझी पंचाईतच झाली. एवढे ज्या गावाने दिले, ते सोडून मुलीने जावे हे मला अधिकच लागू लागले. गिरण्या गेल्या, आता मुलेही चालली. यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल अजून निघतात, आमच्या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण माग चालवणाऱ्याचा मुलगा मागावर बसायला तयार नाही, आणि त्याला तसे म्हणायचे धैर्य मलाही नाही. पहाटे पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेस सुटते. सुट्टी संपली की फलाटावर तरुण मुलांची आणि त्यांना पोचवायला आलेल्या म्हाताऱ्यांची गर्दी होते. 2023 पासून वंदे भारतही सुरू झाली. म्हणजे गाव सोडून जाणे आणखी थोडे लवकर उरकू लागले. ज्यांच्या नावाने ती पहाटेची गाडी धावते, त्या चौघांनाही अखेर पुण्याकडेच, येरवड्याला नेले होते आणि ते परत आले नाहीत. गाडी मात्र रोज रात्री परत येते. फलाटावर उभा राहिलो की असले विचार मनात येतात.

एकदा जेवताना मी हे आईजवळ बोललो. आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. विड्यांनी बोटे वाकडी झाली आहेत, पण जीभ सरळ आहे. ती म्हणाली, "जाऊ दे की तिला. तुझं वडील आलेच हुते की त्यांचं गाव सोडून. त्या गावानं काय डोळं गाळलं नसतील? आन् हितं कुणीतरी घेतलंच की त्यास्नी. तिलाबी घेईल कुणीतरी."

मी घास हातात धरून बसलो. जे गाव आलेल्यांनी वसवले, त्याने जाणाऱ्यांवर रुसायचे कोणत्या तोंडाने? वडिलांच्या खेड्यातही त्या वर्षी कुणी फलाटासारख्या एखाद्या बांधावर उभे राहून पाहिले असेल. सोलापूरने जाणारी माणसे आजवर कमी का पाहिली? द्वारकानाथ कोटणीस 1910 साली याच गावात जन्मले. 1938 मध्ये ते डॉक्टर म्हणून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले आणि 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. तिथल्या लोकांनी त्यांना आपले मानले. इथल्या त्यांच्या घरात आज स्मारक आहे, आणि चिनी पाहुणेही तिथे येऊन गेले आहेत. मी वर्गाला ते घर दाखवायला नेतो, तेव्हा एखादे पोर हमखास विचारते, "सर, ते परत का आले नाहीत?" आता मला वाटते, की या प्रश्नाला उत्तर असे आहे: तिथे कुणाला तरी त्यांची गरज होती, आणि परक्याचे दुखणे आपले मानायची सवय त्यांनी कुठे तरी लावून घेतली होती. ती इथेच लागली असे मी म्हणणार नाही. तेवढा अभिमान मला शोभणार नाही. पण इथे ती लागणे अवघड नाही, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

मुलीला मी हे सारे सांगितले. ओवरी सांगितली, यजमान सांगितला, अक्का सांगितल्या. अक्का तिने पाहिल्या नव्हत्या. ती जन्मली त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. ती मधेमधे प्रश्न विचारत होती, मग विचारीनाशी झाली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्हांला गाव आवडतं असं नाही बाबा. तुम्ही गावाचं देणं लागता."

मी म्हटले, "दोन्ही एकच आहे."

"मग फेडायचं कसं?"

या प्रश्नावर मी अडलो. अक्कांचे पैसे आई देऊ लागली, तेव्हा त्यांनी घेतले नव्हते. यजमानाचे तर नावही ठाऊक नाही. घेतले त्यांनाच परत करावे, असे हे देणे नाही. मग मी माझ्या मते काय ते सांगितले. नंतर येणाऱ्या कुणाला तरी द्यायचे, आणि तो आपल्या गावाचा, आपल्या भाषेचा असलाच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही.

जूनअखेर ती गेली. सामानात आईने शेंगाची चटणी भरली, आईनेच एक मोठी मोरांची चादर घातली. पुण्याची थंडी काही एवढी मोठी नाही, असे मी म्हणत होतो. पण आजी आणि नात यांच्यात माझे कुणी ऐकत नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. वसतिगृहाच्या खोलीत तिच्याबरोबर मणिपूरची एक मुलगी आहे. तिला मराठी येत नाही, हिंदी बेताची. आणि तिच्या गावाकडे बरे चाललेले नाही, म्हणून ती पहिले दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी विचारले, "मग तू काय केलंस?"

"काही नाही. तिला म्हटलं, ऊटा आय्ता?"

"अगं, तिला कानडी कुठून कळणार?"

"नाहीच कळलं. पण ती उठून बसली आणि 'काय?' म्हणाली. मग मी डबा उघडला."

यंदा दिवाळीला ती घरी येणार आहे आणि त्या मैत्रिणीला घेऊन येणार आहे. तिच्या गावाला इतक्या थोड्या दिवसांत जाऊन येता येत नाही. आईने आतापासून तयारी आरंभली आहे. मणिपुरी भाषेत 'जेवलीस का' कसे म्हणतात, हे तिने मला विचारून ठेवायला सांगितले आहे. वय झाले, आता नवी भाषा येणार नाही म्हणते. पण तेवढे एक वाक्य तिला यायलाच हवे आहे.